धुऱ्यावरची साक्ष

एक मत गेली काही वर्षं मी सतत ऐकतो आहे. मंडळीतले तरुण ते बोलतात, चळवळीतले मित्र बोलतात, आणि अधूनमधून एखाद्या पाळकांच्या उपदेशातही तो सूर लागतो. मत असं की ख्रिस्ती माणसानं तहानलेल्याला पाणी द्यावं, आजाऱ्याची विचारपूस करावी, शेजाऱ्याशी गोड वागावं, हे सगळं ठीक. पण ही लहान मुलांच्या रविवारच्या शाळेतली शिकवण झाली. जग बदललं ते दवाखान्यांनी, शाळांनी, वसतिगृहांनी. मिरजेला विल्यम वान्लेस यांनी रुग्णालय उभारलं, केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं, ते खरं ख्रिस्ती जगणं. एका मित्रानं तर तोंडावर विचारलं, ‘साखरखेर्ड्यासारख्या गावात राहून ख्रिस्ती माणूस करणार तरी काय?’

हे मत मुळातच चुकीचं आहे. त्यानं आमच्या वऱ्हाडातल्या लहान मंडळ्यांना हात बांधून बसवलं आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

मित्रानं गावाचं नाव घेतलं ते बरंच झालं. सिंदखेडराजा तालुक्यातलं साखरखेर्डा चर्चसाठी कोणी ओळखत नाही. लोक ओळखतात ते पलसिद्ध स्वामींच्या मठासाठी आणि प्रल्हाद महाराज रामदासींसाठी. इतिहासाचे विद्यार्थी ओळखतात ते ऑक्टोबर 1724 च्या लढाईसाठी. या गावाजवळ निजाम-उल-मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला, मुबारिजखान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाची सत्ता पक्की झाली. मिशनचा इतिहास या गावाच्या आजूबाजूनं जातो. एका बाजूला जालना. मुंबईत 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री तिथं आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. दुसऱ्या बाजूला अकोला; तिथं अलायन्स मिशनच्या जेनी फुलर राहिल्या, भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1900 साली निघालं, आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. या इतिहासात साखरखेर्ड्याचं नाव ठळकपणे कुठं येत नाही. म्हणूनच प्रश्न इथं विचारला पाहिजे. जो आदर्श केडगावला जगता येतो आणि साखरखेर्ड्यात जगता येत नाही, तो येशूनं शिकवलेला आदर्श असूच शकत नाही.

कारण येशूनं काय शिकवलं ते उघडून पाहा. त्यानं एकही इमारत बांधली नाही. त्याची बहुतेक उदाहरणं रोजच्या जगण्यातली आहेत: पिठात कालवलेलं खमीर, मोहरीचा दाणा, विधवेनं दानपेटीत टाकलेली दोन नाणी, पेलाभर गार पाणी. शेवटच्या न्यायाचं जे चित्र त्यानं रंगवलं, त्यात माणसाला सहा गोष्टी विचारल्या जातात. भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, उघड्याला कपडा दिलास का, आजाऱ्याकडे गेलास का, तुरुंगातल्याला भेटलास का. यातल्या एकाही कामाला ट्रस्टची नोंदणी लागत नाही. आणि ज्यांनी ही कामं केली त्यांना ती आठवतही नाहीत. आम्ही कधी केलं असं, असं तेच उलट विचारतात. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. ज्या कामाची नोंदवही असते, फलक असतो, वार्षिक अहवाल असतो, ते विसरता येत नाही. ही माणसं विसरली, कारण ते त्यांचं रोजचं वागणं होतं.

यावर चळवळीतले मित्र म्हणतात, ‘हे भक्तिभावाचं बोलणं झालं. अन्याय व्यवस्थेत असतो. पेलाभर पाण्यानं व्यवस्था हलत नाही.’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण या देशात, या भागात, असं म्हणणाऱ्यानं पाण्याचा इतिहास पुन्हा वाचावा. अस्पृश्यता नावाची व्यवस्था कुठं राहत होती? पेल्यात, रांजणात, उंबऱ्यात, ओट्यावर. कोणी कोणाला वरून पाणी ओतायचं, कोणी कुठं बसायचं, कोणाचा कप वेगळ्या कोनाड्यात ठेवायचा, अशा हजारो बारीक कृती रोज सकाळपासून रात्रीपर्यंत घडत होत्या आणि त्यांच्याच बेरजेला आपण व्यवस्था म्हणत होतो. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, पण पाण्याचं महत्त्व त्याला आमच्यातल्या अनेकांपेक्षा जास्त कळलं होतं. 20 मार्च 1927 ला महाडला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी काय केलं? ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर जो हल्ला झाला, त्यातून ती ओंजळ किती मोठी होती ते दिसलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर आमच्या घरचंच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्यासोबत राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं; चूल वेगळी, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे की त्यांचा पालट चर्चच्या पायऱ्यांवर घडला नाही. जाती देवानं केल्या नाहीत, माणसांनी केल्या, हे त्यांनी स्वतःशी ठरवलं, आणि कोणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे आधी पाणी बदललं, मग धर्म. त्यांच्या काळातल्या उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या बाईनं परक्या हातचा पेला ओठाला लावणं हे कोणत्याही ठरावापेक्षा अवघड होतं.

आणि ज्यांना आकडे हवे आहेत त्यांनी जामखेडला जावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली तिथं आलं. त्यांच्या प्रकल्पाचं नाव जगभर झालं, दोघांना 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, म्हणून तोही मोठ्या संस्थेच्या खात्यात जमा केला जातो. प्रत्यक्षात तिथं काम केलं ते गावोगावच्या बायकांनी. बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर. त्यांनी काय केलं ते पाहा: मुलांची वजनं घेतली, बाळंतपणात ब्लेड आणि दोरा उकळायला लावला, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, कुष्ठरोग्याशेजारी बसल्या. बोअरवेल घेताना त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामुळे पाण्यासाठी इतर वस्त्यांतल्या बायकांना तिथं यावं लागलं. त्या भागातला बालमृत्यूचा दर 1971 साली हजारी 176 होता. अडीच दशकांत तो तिशीच्या खाली आला. हे काम दवाखान्याच्या खाटांवर झालेलं नाही, माजघरात झालं आहे. मोठी संस्था की लहान कृती, असा जो झगडा माझे मित्र उभा करतात तो जामखेडमध्ये टिकत नाही, कारण तिथल्या संस्थेनं स्वतःचं काम हेच मानलं की लहान कृती करणारे हात तयार करायचे.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. तो आमच्या बाहेरून येतो आणि त्यात कडवटपणा असतो. ‘ख्रिस्ती माणसाचं चांगुलपण म्हणजे आमिष. आज पाण्याचा पेला, उद्या बाप्तिस्मा.’ ही शंका हवेतून आलेली नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. दुष्काळात भाकरीबरोबर धर्मही वाटला गेल्याच्या आठवणी लोकांच्या मनात आहेत. 1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव टाकला जातो या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. ही माणसं द्वेष्टी नव्हती. ती रमाबाईंची हितचिंतक होती. रमाबाईंची बाजू मला बरीचशी पटते, पण त्या प्रसंगानं जो अविश्वास उरला तो खरा होता.

मात्र या आक्षेपाचं उत्तर अधिक मोठ्या संस्था हे नाही. संस्थेच्या दारात मदत घेणारा नेहमीच खाली उभा असतो आणि देणारा वर. तिथं अट न सांगताही ती ऐकू येते. उलट शेजाऱ्यानं शेजाऱ्याला केलेल्या मदतीत परतफेड कधीही उलट दिशेनं होऊ शकते. आज तुझी म्हैस अडली, उद्या माझी. येशूनं जेवणाला कोणाला बोलवावं ते सांगितलं तेव्हा परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा असं सांगितलं. डाव्या हाताला कळू नये असं उजव्या हातानं द्यावं, असंही सांगितलं. या दोन सूचना पाळल्या तर आमिष उरतच नाही. ज्या मदतीनंतर माणूस आपल्या प्रार्थनेला येतो की नाही याकडे आपण डोळे लावून बसतो, ती मदत बाजारातला सौदा आहे आणि तिला ख्रिस्ती म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. नाताळला घोंगड्या वाटून म्हाताऱ्यांच्या हातात ती धरायला लावून काढलेले फोटोही त्याच हिशेबात मोडतात. ते थांबले पाहिजेत.

‘मग यात ख्रिस्ती ते काय उरलं? हे तर सगळेच धर्म सांगतात,’ असं कोणी म्हणेल. सांगतातच. प्रल्हाद महाराजांच्या गावात, अन्नदानाची आणि नामाची परंपरा असलेल्या गावात, चांगुलपण आम्ही आणलं असं म्हणणं हा उद्धटपणा ठरेल. येशूच्या सगळ्यांत प्रसिद्ध गोष्टीतला नायक त्याच्या धर्माचा नव्हता. वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाला ओलांडून गेले ते पुरोहित आणि लेवी. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नसत. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं आणि सरायवाल्याला दोन नाणी दिली. ही गोष्ट ऐकून जो आपल्या चांगुलपणावर धर्माचा शिक्का मागतो, त्यानं ती ऐकलेलीच नाही.

तरीही येशूच्या शिकवणुकीला काही धारदार कडा आहेत, आणि त्या वऱ्हाडातल्या गावात कुठं लागतात ते मला सांगायचं आहे. कारण ‘लहान कृती’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हसतमुख नमस्कार येतो. मी त्याबद्दल बोलत नाही.

धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं घ्या. भाऊ-भाऊ वाटे करतात आणि नांगराच्या एका तासासाठी दोन पिढ्या बोलत नाहीत. मोजणी येते, तारखा पडतात, वकिलाच्या फीमध्ये धुऱ्यापेक्षा मोठी जमीन जाते. या भांडणात ख्रिस्ती कुटुंबं कमी नाहीत. एकदा एकानं येशूला विनवलं की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्यानं न्यायाधीश व्हायला साफ नकार दिला आणि लोभापासून सांभाळा एवढंच बजावलं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचा तुझ्यावर राग आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आता विचार करा, प्रभुभोजनाच्या रविवारी एखाद्या मंडळीत हे वचन खरोखर पाळायचं ठरलं तर किती बाकं रिकामी होतील! तासभर रिकामी राहू द्यावीत. त्या तासात जे घडेल ती त्या मंडळीची साक्ष. हातभर धुरा सोडून देणारा कास्तकार मला हजार रुपये दशांश देणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो, कारण त्यानं सोडलेली जमीन गावाला दिसते आणि तिच्यावर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचं पीक उभं राहतं.

मजुरीचं घ्या. निंदणाला, कापूस वेचायला बाया येतात. अनेक ठिकाणी हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, आणि ‘पुढच्या बाजाराला देतो’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. बाईला पुरुषापेक्षा कमी रोज हे तर जणू निसर्गनियम. द्राक्षमळ्याच्या गोष्टीतला मालक संध्याकाळ होताच सगळ्यांना मजुरी देतो आणि उशिरा आलेल्यालाही घर चालेल एवढं देतो. पहिल्यांनी कुरकुर केली तरी देतो. बाजाराला निघालेल्या बाईच्या हातात तिचे पैसे आधी पडले तर तिला किराणा उधारीवर घ्यावा लागत नाही, दुकानदाराच्या वहीत नाव चढत नाही. ही अर्थव्यवस्थाच आहे, फक्त तिचा निर्णय एका घराच्या ओट्यावर होतो. जो ख्रिस्ती जमीनधारक रोखीनं, वेळेवर, बाईला आणि पुरुषाला सारखा रोज देईल, त्याच्याशी शेजारचे आधी भांडतील. भाव वाढवून ठेवतो म्हणतील. तिथं टिकून राहणं याला मी वधस्तंभ उचलणं म्हणतो.

मापाचं घ्या. सोयाबीन, तूर विकायला नेल्यावर ओलाव्याच्या, काडीकचऱ्याच्या नावानं कटती लागते आणि क्विंटलमागे किलो-दोन किलो असेच जातात. ख्रिस्ती माणूस अडत्या असेल, हमाल असेल, वजनकाट्यावरचा पोरगा असेल. जक्कयानं येशू घरी आला त्या दिवशी ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन असं जाहीर केलं. आमच्यापैकी किती जण एका किलोची तरी भाषा करतात?

आणि जात. इथं मला आपल्याच लोकांशी कडक बोलायचं आहे. आमच्या मंडळ्यांतले बहुतेक जण ज्या समाजांतून आले त्यांनी गावकुसाबाहेरचं सगळं भोगलं आहे. तरीही सोयरीक जुळवताना मूळ जात विचारली जाते. एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी दोन घरं मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली की मागे सरतात. मोठ्या परिषदांत दलित ख्रिस्ती हक्कांचे ठराव करणाऱ्यांनी आपल्या मुलाचं स्थळ पाहताना काय विचारलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ठराव करू नयेत असं नाही. पण व्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्याच्या घरात व्यवस्था पाट मांडून जेवत असेल, तर लहान कृतीला दुय्यम म्हणणं ही त्याची सोय आहे.

शेवटी सगळ्यांत जड आक्षेप. मित्र म्हणतात, ‘बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज दिलं, त्यात बुलढाणा होता. एवढ्या पैशानं जे थांबलं नाही, त्यापुढे तुझा पाण्याचा पेला काय करणार?’

प्रश्न रास्त आहे. भाव, कर्ज, सिंचन, विमा हे सरकारनंच सोडवायचे प्रश्न आहेत. त्यांचं ओझं शेजाऱ्याच्या चांगुलपणावर टाकणाऱ्याशी मी सहमत नाही. हमीभावासाठी मोर्चा निघाला तर त्यात जाणं हीदेखील ख्रिस्ती माणसाची कृतीच आहे. पण मृत्यूनंतर घरात काय घडतं ते जवळून पाहणाऱ्याला माहीत आहे की शासनाची मदत दारापर्यंत आपोआप चालत येत नाही. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. नापिकी, कर्ज, परतफेडीचा तगादा यांचे कागद लागतात. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर आणि खासगी सावकाराचं तर कुठं लिहिलेलंच नाही. तिशीच्या आतली बाई, पदराशी दोन लेकरं. तिला तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कोण घेऊन जाणार? बँकेत तिच्या वतीनं आवाज कोण चढवणार? दीर जमिनीवरून हात काढायला लावतो तेव्हा तिच्या बाजूनं कोण बसणार? तेराव्यानंतर पाहुणे जातात, पुढारी फोटो काढून जातात, आणि त्यानंतर खरं काम सुरू होतं. त्या कामाला शेजारी लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण परिपत्रक कोणाच्या कपाळाला कुंकू लावत नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या बाईच्या घरी जाऊन, तिला हाताला धरून आणणारी शेजारीण लागते, आणि त्यासाठी ती शेजारीण स्वतः चार बायकांच्या तोंडी यायला तयार हवी. येशूनं नाईन गावाच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा थांबवली होती. आमच्या ख्रिस्ती बाया कुंकू लावत नाहीत, म्हणून अशा दिवशी त्या आपल्या घरातच थांबतात. थांबू नये. कुंकू न लावताही तिच्या शेजारी बसता येतं, तिच्या ताटात जेवता येतं.

नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, 1917 साली, मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही येऊ शकत होते. मोठ्या संस्थेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा निर्णय होता, आणि आमच्या मंडळ्यांनी त्याच्यावर पुरेसा विचार केलेला नाही.

म्हणून माझ्या मित्राला माझं उत्तर असं. साखरखेर्ड्यात, किंवा तुझ्या गावात, ख्रिस्ती माणसानं आधी भावाच्या धुऱ्यावर जावं. बाजाराच्या आदल्या दिवशी बायांची मजुरी चुकती करावी. काट्यावर उभा असेल तर काटा सरळ ठेवावा. मुलाच्या सोयरिकीत जात विचारू नये. मेलेल्या शेजाऱ्याच्या बायकोबरोबर तलाठ्याकडे, तहसीलला, बँकेत जावं, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा जावं, आणि त्याबद्दल मंडळीत साक्ष देऊ नये. एवढं आपल्या दोघांकडून झालं की मग दवाखाना कुठं बांधायचा यावर बसू. त्या बैठकीला मी नक्की येईन.